टाकीत गेलेला बाप

मोबाईल पालथे ठेवा आधी. अर्पे, तू पण. बंद करू नको, नुसता पालथा ठेव. काहून, ते शेवटी सांगतो.

लाईट आता तासभर तरी येत न्हाई. गच्चीवर वारा बरा आहे. मघापासून तुम्ही भुताची गोष्ट, भुताची गोष्ट करून राह्यले, तर एक सांगतो. पण आधी एक बराबर समजून घ्या. मी पस्तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं. आपल्या घरात पितर न्हाई, पान न्हाई, कावळा न्हाई. मी भूत मानत न्हाई. पण भुजंगला मानतो. आणि हे भुजंगवर गुदरलेलं आहे, माझ्यावर न्हाई.

भुजंग म्हणजे आपल्या मागच्या गल्लीतला. सगळी उमर बसच्या वर्कशॉपात गेली त्याची. रिटायर झाला आणि बायकोच्या भाषेत सांगायचं तर डोकं फिरलं. दिवसभर भिंग घेऊन जुने फोटो बघत बसायचा. कशाचे? लष्करी गाड्यांचे! कोणाचा तरी पणजोबा पलटणीत असतो, फोटोत त्याच्या मागं कुठलीतरी लॉरी उभी असते, घरच्यांना वाटतं ही कुठली गाडी. मंग तो फोटो फिरत फिरत भुजंगच्या मोबाईलवर यायचा. तो चाकाचे नट मोजायचा. दिवे किती खोल बसवलेत ते बघायचा. रिव्हेटच्या ओळी मोजायचा. अन् सांगायचा, ही अमक्या साली अमक्या देशात बनली. पुस्तकात न सापडणाऱ्या गाड्या पण काढायचा हुडकून. एकदा एका पुणेकरानं आजोबांचा रणगाडा म्हणून फोटो पाठवला. भुजंगनं उत्तर दिलं, "आजोबांनी रणगाडा न्हाई, पाण्याचा टँकर चालवलाय. पण चांगला चालवला असंल." त्या माणसानं परत काही पाठवलं न्हाई.

भुजंगचा एक नेम होता. फोटोतल्या माणसांकडं बघायचं न्हाई. मला म्हणायचा, "तातेराव, फोटोत माणूस खोटा उभा राहतो. पोट आत घेतो, छाती काढतो. लोखंड पोट आत घेत न्हाई." आणि लोखंडाबद्दल आपण आयुष्यात खोटं बोललो न्हाई, याचा त्याला भारी गर्व. हे ध्यानात ठेवा.

गेल्या वर्षीची गोष्ट. दोन हजार पंचवीस, सप्टेंबर. लोकांचा पितरपाट चालू होता. घनसावंगीच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला एक गाव आहे. नाव सांगत न्हाई, लोक राहतात तिथं अजून. तिथल्या वंदना नावाच्या सुनेचा भुजंगला मेसेज आला. नवरात्राची झाडझूड करताना नवऱ्याच्या आजीच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाला, एक फोटो सापडला होता. आजीचं नाव सोनूबाई, वय चौऱ्याऐंशी. वंदनानं लिहिलं होतं, "काका, ही कोणती गाडी आहे? आजी काही सांगत न्हाईत. फोटो बघून नुसत्या रडून राह्यल्या."

भुजंगनं तो फोटो मला पण पाठवला, रविवारी, चौदा तारखेला. मी बघितला. चाकांवर एक काळी पेटी. चारी बाजूंनी जाड पत्रा, खिडकी न्हाई, पुढं बघायला नुसती एक फट. फोटो मागच्या कोपऱ्यातून काढलेला. मागं एकच दार, झाकलेलं. आणि माणूस एक पण न्हाई.

चार दिवस भुजंग त्या फोटोवर बसला. परतूरच्या स्टुडिओतून मोठी प्रत काढून आणली. गुरुवारी संध्याकाळी माझ्याकडं आला तो लग्न ठरल्यासारखा खुश होऊन.

"सापडली! म्हणजे कुठंच सापडत न्हाई म्हणून सापडली. ही कोणत्याच पलटणीची न्हाई, तातेराव. खालचा सांगाडा महायुद्धातल्या लॉरीचा. वरचा पत्रा बॉयलरचा, कुठल्यातरी कापसाच्या जिनिंगमधला. गावच्या लोहारानं ठोकून केलेली आहे ही. पोलीस ॲक्शनच्या टायमाची."

तुम्हाला पोलीस ॲक्शन म्हणजे सतरा सप्टेंबरचा झेंडा, एवढंच माहीत. अठ्ठेचाळीस साल. निजामाचं राज्य जाऊन राह्यलं होतं आणि त्या आधीच्या दिवसांत गावागावांत बंदूकवाले फिरत होते. कोणाचे, ते विचारू नका. त्या महिन्यात बंदूक ज्याच्या हातात तो मालक. गाव त्यांना नुसतं 'ते' म्हणायचं.

भुजंगनं फोटोच्या प्रतीवर बॉलपेननं बाण काढला होता. बाणाचं टोक दारावर, आणि शेपटाला त्याच्या अक्षरात लिहिलेलं: कडी बंद. बाहेरून.

"बघ, कसला अडाणी लोहार. गाडीला कोणी कडी बाहेरून लावतं का? आतला माणूस निघंल कसा? अन् लावली पण किती खाली! मोठ्या माणसाला वाकावं लागंल."

"माणसं कुठं आहेत पण?" मी विचारलं. "एवढी गाडी केली अन् पुढं कोणी उभं राह्यलं न्हाई?"

"कडी लागलीय म्हणजे आत असतील," भुजंग म्हणला. आणि आम्ही दोघं हसलो. खरंच हसलो रे. आता आठवलं की लाज वाटते.

तेवढ्यात वंदनाचाच फोन आला. "काका, आजी एकच विचारून राह्यल्यात. ती गाडी आतून उघडत होती का?"

भुजंग रंगात आलेला. मोठ्यानं म्हणला, "आतून? अहो, बापजन्मात उघडायची न्हाई!"

तिकडं फोन स्पीकरवर होता. म्हातारीनं ऐकलं. मंग वंदना हळूच म्हणली, "ठेवते काका."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, एकोणीस सप्टेंबर. दुपारी तिचा परत फोन. आजींनी कालपासून पाण्याचा घोट घेतलेला न्हाई. ट्रंकेपाशी बसल्यात आणि बोटानं पत्र्यावर वाजवून राह्यल्यात. ठक. जरा थांबून परत ठक. रात्रभर.

"काका, तुम्ही येऊन सांगा ना, उघडत होती म्हणून. खोटं तर खोटं. तुमचं ऐकतील त्या."

"मी लोखंडाचं खोटं सांगत न्हाई, बाई," भुजंग म्हणला. पण त्याला दुपारची भाकर गेली न्हाई. साडेपाचला त्यानं पिशवीत फोटोची प्रत घेतली, भिंग घेतलं, डझनभर केळी घेतली आणि मोटरसायकल काढली. म्हातारीला भेटायचं, दोन शब्द बोलायचे, यायचं. एवढंच काम.

त्या वर्षीचा पाऊस आठवतो ना? कापूस उभ्यानं सडला. रस्ता खराब, अंधार लवकर पडला. गावाच्या अलीकडं नाल्यावर एक बुटका पूल आहे. भुजंग तिथं पोचला तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. पाणी पुलाला टेकत आलं होतं. जावं का न जावं, म्हणून त्यानं गाडी बंद करून पायानं अंदाज घेतला.

ठक.

त्याला वाटलं, सायलेन्सर गार होताना वाजतो तसा वाजला. त्यानं सायलेन्सरकडं कान केला. न्हाई.

ठक.

पुलाच्या खालून. लाकूड न्हाई, दगड न्हाई. लोखंड. भुजंगनं चाळीस वर्षं बसच्या पत्र्यावर हातोडे ऐकले होते. बाहेरून मारलेला ठोका मोकळा वाजतो. आतून मारलेला पत्र्यात अडकतो. मला सांगताना त्यानं माझं मनगट धरलं होतं. म्हणला, "तातेराव, ते आतून होतं."

त्यानं किक मारली. पूल ओलांडला. मागं बघितलं न्हाई.

घर साधं. पुढं टीव्हीची खोली, फरशी, मागं आजीची खोली, तिला परसात उघडणारं पत्र्याचं दार. वंदनानं चहा दिला आणि आवाज बारीक करून म्हणली, "परसाच्या दाराला आजी कधीच कडी लावू देत न्हाईत. थंडी असो, कुत्रं शिरो. आज पाऊस आत येऊन राह्यला म्हणून मी लावली, तर माझ्याशी बोलल्या न्हाईत." एवढं सांगून ती भाकरी टाकायला गेली.

सोनूबाई मूठभर झालेली. खाटेवर बसून हात लांब करून ट्रंकेवर बोट वाजवत होती.

"भुजंग का तू? लोखंड वळखणारा? बस."

भुजंग परसाच्या दारापाशी स्टुलावर बसला. तिचं तोंड बघितलं, ओठ कोरडे पडलेले. आणि जे आयुष्यात केलं नव्हतं ते त्यानं केलं.

"मावशी, मी परत बघितलं. चुकलो होतो. ती आतून उघडत होती."

बोट थांबलं.

"उघडत होती?"

"हो."

"मंग माझे आबा घरी काहून न्हाई आले?"

भुजंगनं केळ्यांची पिशवी तिच्यापुढं सरकवली. 

मंग सोनूबाईनं सांगलं. सत्त्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा, आणि ते पण एका परक्या माणसाला.

"माझा बाप कडूबा लोहार. त्यांनी धरून नेला. म्हणले, टँक करून दे. आबाला तो शब्द बोलता येईना. घरी येऊन म्हणायचे, टाकी करून राह्यलो. झाल्यावर त्यांनी फोटोवाला आणला, आबाला पण एक फोटो दिला. कडी बाहेरून काहून, म्हणून त्यांनी विचारलं. आबा म्हणले, रातच्याला कुलूप घालायला. एवढी खाली काहून, ते कोणी विचारलं न्हाई…"

"काहून होती?" भुजंगनं विचारलं.

"माझ्या हाताला यावी म्हणून. सात वर्षांची होते मी."

भुजंग म्हणतो, तेव्हा त्याला बाणाचं टोक आठवलं. अडाणी म्हणला होता तो त्या लोहाराला.

"आबानं मला शिकवलं. म्हणले, मी पुढं हँडल मारून गाडी चालू करीन, म्हणजे त्यांचा डोळा माझ्यावर राहील. ते सगळे आत बसतील. सगळे आत गेले का कडी लावायची अन् पळायचं. मागं बघायचं न्हाई. म्हणले, दुसऱ्या गावाची माणसं वाचतील, बाई. पुण्य लागंल."

"मंग?"

"सहा जण होते. बसले. आबानं हँडल मारलं, गाडी चालू झाली. तर आतला एक जण म्हणला, लोहार पण चल, रस्त्यात बिघडली तर? दंडाला धरून आबाला आत घेतलं. मी लिंबाच्या मागं होते…"

पाऊस वाढला होता. तिनं बोट परत ट्रंकेवर ठेवलं.

"आबा म्हणले होते, सगळे आत गेले का. सगळे गेल्ते."

गाडी गावाबाहेर गेली आणि त्याच नाल्यात रुतली. पाणी चढलं. आतून ठोके येऊ लागले. गावानं ऐकले. दोन दिवस ऐकले. पण आत बंदुका, कडी कोण काढणार? बरं झालं म्हणाले. सोनूबाई सगळ्या गावात रडत फिरली, "माझा बाप टाकीत गेला, माझा बाप टाकीत गेला." पण गाव त्या गाडीला मोटार म्हणत होतं. टाकी म्हणजे जिनिंगची पाण्याची टाकी. माणसं धावली. टाकीत गळ टाकले, दोन दिवस टाकी ढवळली. आणि पोरीनं नाल्याकडं हात केला, की पोरगी पण पाण्यात जाईल म्हणून तिला उचलून घरी आणायचे.

तिसऱ्या रात्री पूर आला. गाडी गेली. कुठं, ते नदीला ठाऊक.

गावानं ठरवलं, कडूबानं टाकीत जीव दिला. जीव दिलेल्याचं पान मांडायचं न्हाई, असं तिच्या चुलत्यानं सांगलं. पितरपाटात सगळ्यांची पानं पडायची. बापाचं एकदा पण पडलं न्हाई. मोठी झाल्यावर सांगावं, तर कडी कोणी लावली ते सांगावं लागंल.

भुजंगचे डोळे भरून आले. म्हणला, "मावशी, मघाशी मी खोटं बोललो. ती आतून उघडत नव्हती. तुमचे आबा येऊच शकत नव्हते."

"माहीत आहे मला," ती म्हणली. "तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

आठ चाळीसला लाईट गेली.

ठक.

भुजंगला वाटलं, ट्रंक. पण तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

ठक.

परसाचं दार. वर न्हाई. खाली. गुडघ्याच्या उंचीवर.

जी बाई भिंत धरल्याशिवाय उठत नव्हती, ती उठली.

"आबा… थांबा. काढते."

भुजंगला नको म्हणायचं होतं. तोंड उघडेस्तोवर  कडी निघाली. दार आत आलं.

बाहेर कोणी न्हाई. पाऊस. काळं परस. आणि वास. ओल्या लोखंडाचा, जळक्या ग्रीसचा.

मंग फरशीवर पाऊल वाजलं. अनवाणी. ओलं. त्याच्या स्टुलाजवळून गेलं. खाटेपाशी थांबलं. खाट करकरली.

सोनूबाई त्या पावलामागं गेली. खाटेजवळ खाली बसली. अंधारात ती लहान लेकरासारखी बोलून राह्यली होती. "मी मागं बघितलं न्हाई, आबा. तुम्ही म्हणले होते. मी बघितलं न्हाई…"

दार उघडंच होतं.

भुजंगला दुसरा आवाज आला.

बूट.

सोनूबाईनं दाराकडं मान वळवली.

टाकीत बाप एकटा नव्हता रे.

"भुजंगा…" ती म्हणली. "कडी लाव."

कडी त्याच्या हाताच्या अंतरावर होती.

"जल्दी. भुजंगा, कडी लाव!"

हात उठला न्हाई. त्याचाच हात. उठलाच न्हाई.

एक गेला. त्याच्या गुडघ्याला ओला कपडा घासला. दुसरा. मोजायची सवय त्याची, तो मोजत राह्यला. तीन. चार. पाच…

सहा.

पुढच्या खोलीतून. पुढच्या दारातून. रस्त्यावर.

मंग नुसता पाऊस.

लाईट आली तेव्हा वंदना भाकरीची परात घेऊन दारात उभी. चुलीपाशी तिला पावसाशिवाय काही ऐकू आलं नव्हतं. सोनूबाई खाटेवर डोकं टेकून बसलेली. तिनं दूध मागितलं. अर्धी भाकर कुस्करून खाल्ली. दुसऱ्या दिवशी चतुर्दशी, हत्यारानं नाहीतर घातानं गेलेल्यांची तिथी. तिनं सगळ्या घराला समोर बसवून खरं काय ते सांगलं आणि बापाचं पान मांडायला लावलं. दिवाळीनंतर झोपेतच गेली. भुजंग म्हणतो, तिचं चांगलं झालं. मला पण तसंच वाटतं.

भुजंगचं न्हाई झालं. त्यानं फोटो बघणं सोडलं. त्याच्या घरी जाऊन बघा, प्रत्येक दाराला दोन कड्या आहेत, एक आतून, एक बाहेरून, आणि रात्री तो दोन्ही तपासतो. मला एकच विचारतो, "ते सहा जण कुठं गेले असतील, तातेराव?"

मी त्याला सगळं समजावून सांगलं होतं. पुलाखाली पुरात वाहून आलेला ड्रम. वाऱ्यानं आपटणारं पत्र्याचं दार. उपाशी म्हातारी, अंधार, मनाची भीती. बिलकुल पटेल असं सांगलं. पस्तीस वर्षं तेच केलंय.

मंग रविवारी, एकवीस तारखेला, तो माझ्याकडं आला.  पिशवीतून फोटोची प्रत काढली, टेबलावर ठेवली आणि भिंग माझ्या हातात दिलं. बॉलपेनचा बाण तसाच. अक्षर त्याचंच: कडी बंद. बाहेरून. मी बाणाच्या टोकाशी बघितलं. मंग माझ्या मोबाईलमधला फोटो काढला, आठ दिवस आधी आलेला.

चौदा तारखेला तो फोटो मी आपल्या घरच्या ग्रुपवर पण टाकला होता. अर्पे, तू त्याला अंगठा दिला होतास. काळी पेटी, झाकलेलं दार, आठवतंय ना? तुमच्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे तो.

घ्या आता सरळ करून. बघा.

दार सताड उघडं आहे. आत कोणीच न्हाई.